कॉन्फिग फाइलसाठी फॉरमॅट निवडताना: चूक ओरडते की गप्प बसते?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची यंत्रणा कोलमडली आणि तिच्यावर विसंबून असलेल्या असंख्य वेबसाइट जगभर काही तास उघडेनात. मोठा हल्ला झाला असावा, अशी सुरुवातीला खुद्द कंपनीलाच शंका आली होती. प्रत्यक्षात कारण होतं एक फाइल. बॉट, म्हणजे माणसाऐवजी वेबसाइटवर येणारे प्रोग्रॅम, ओळखणाऱ्या भागाला दर काही मिनिटांनी एक ताजी फाइल पुरवली जाते. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये केलेल्या बदलामुळे तिच्यात नोंदी दुबार आल्या, त्यांची संख्या २०० च्या मर्यादेपलीकडे गेली आणि ती वाचणारा प्रोग्रॅम कोसळला. त्याआधी १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. तिथेही नव्याने आलेल्या फाइलमधल्या नियमाने २१ वं मूल्य मागितलं आणि प्रोग्रॅमच्या हाती २० च होती.

दोन्ही वेळा प्रोग्रॅमचा कोड तोच होता. बदलली होती ती त्याला बाहेरून पुरवलेली माहिती. या दोन फाइली कुणी एडिटरमध्ये बसून लिहिलेल्या नव्हत्या, त्यामुळे ‘फॉरमॅट चुकला’ असं त्यांच्याबद्दल म्हणता येणार नाही. पण सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रत्येक टीममध्ये अशा फाइली रोज हाताने लिहिल्या जातात आणि तिथे पहिला वाद फॉरमॅटवरच होतो. जेसन घ्यावा, यॅमल घ्यावा की टॉमल? हा वाद बहुतेक वेळा ‘वाचायला कोणता छान दिसतो’ यावरच अडतो. माझ्या मते कसोटी दुसरीच हवी.

कॉन्फिग म्हणजे मापांची चिठ्ठी

शिंप्याचं कसब म्हणजे प्रोग्रॅम आणि मापांची चिठ्ठी म्हणजे कॉन्फिगरेशन, थोडक्यात कॉन्फिग. कसब तेच राहतं, चिठ्ठी बदलली की दुसऱ्या माणसाच्या अंगाचा कपडा तयार होतो. सर्व्हरने कोणत्या पोर्टवर ऐकायचं, डेटाबेस कुठे आहे, उत्तराची वाट किती वेळ पाहायची, लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, किती तपशील लिहायचा, हे सगळं चिठ्ठीत असतं. त्यामुळे एकच प्रोग्रॅम चाचणीच्या मशीनवरही चालतो आणि खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवरही.

ही चिठ्ठी कशी लिहायची याचे नियम म्हणजे फॉरमॅट. ती वाचून प्रोग्रॅमला समजेल अशा रूपात आणणारा भाग म्हणजे पार्सर. आणि चिठ्ठीतली प्रत्येक ओळ साधारणपणे एक जोडी असते: डावीकडे नाव, ज्याला ‘की’ म्हणतात, आणि उजवीकडे मूल्य. मूल्याला प्रकार असतो. ते आकडा असेल, मजकूर असेल किंवा हो-नाही असेल. पुढे जे घोटाळे सांगणार आहे त्यांतले बरेचसे या प्रकाराच्या गैरसमजातून होतात.

छातीचं माप ३८ च्या जागी ८३ लिहिलेलं दिसलं, तर चांगला शिंपी कात्री खाली ठेवतो आणि विचारतो. प्रोग्रॅमने असंच थांबून विचारावं यासाठी तुमचा फॉरमॅट किती मदत करतो, ही माझी कसोटी. ओरडणारी चूक त्रासदायक असते, पण स्वस्तात सुटते: प्रोग्रॅम सुरूच होत नाही, ओळ क्रमांकासह तक्रार करतो, पाच मिनिटांत काम होतं. गप्प बसणारी चूक महाग पडते. प्रोग्रॅम आनंदाने सुरू होतो, तीन आठवडे चालतो आणि मग भलत्याच ठिकाणी भलतंच लक्षण दिसतं.

जुनी मंडळी: आयएनआय आणि एक्सएमएल

विंडोजच्या सुरुवातीच्या काळात आयएनआय फाइली घरोघरी होत्या. चौकटी कंसात विभागाचं नाव, खाली ‘नाव बरोबर मूल्य’ अशा ओळी. लहान कामाला आजही झकास. अडचण अशी की आयएनआयचं एकच सर्वमान्य प्रमाण नाही. कमेंट, म्हणजे प्रोग्रॅमने वगळायची माणसासाठीची टीप, अर्धविरामाने सुरू करायची की हॅशने, एकाच नावाच्या दोन ओळी आल्या तर काय, विभागात विभाग चालतो का, याची उत्तरं प्रत्येक पार्सर आपापली देतो. शिवाय सहसा सगळंच मजकूर असतं. आकडा की हो-नाही, ते प्रोग्रॅमने स्वतः ठरवायचं.

एक्सएमएल १९९८ मध्ये प्रमाणित झालं. काटेकोर आहे, तपासणीची साधनं भरपूर आहेत, पण हाताने लिहायला दमवतं. एका आकड्यासाठी उघडणारा टॅग, बंद होणारा टॅग आणि मध्ये तो आकडा. नव्या प्रकल्पात निव्वळ कॉन्फिगसाठी ते निवडायचं कारण मला दिसत नाही.

यॅमल: वाचायला सर्वांत सोपं, फसवायला सर्वांत तयार

यॅमल २००१ मध्ये पुढे आलं आणि आज कुबरनेटीस, अ‍ॅन्सिबल, डॉकर कंपोझ, गिटहब अ‍ॅक्शन्स अशा सॉफ्टवेअर तपासण्याच्या आणि चालवण्याच्या साधनांत सगळीकडे तेच आहे. कंस नाहीत, अवतरणचिन्हांची सक्ती नाही, नुसत्या मोकळ्या जागेने रचना दाखवायची. नवख्यालाही पाहताक्षणी कळतं. म्हणून ते आवडतं, आणि आवडणं अगदी योग्य आहे.

आता या तीन ओळी पाहा. (वाचायला सोपं जावं म्हणून नावं आणि अंक इथे देवनागरीत आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये अंक रोमनच लागतात.)

आवृत्ती: ३.१०
पोर्ट: २२:२२
कोड: ०१०

लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते स्पष्ट आहे. पण यॅमलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळणारा पार्सर पहिल्या ओळीत दशांश अपूर्णांक पाहतो आणि शेवटचं शून्य निरर्थक समजून ३.१ वाचतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१० आवृत्ती आली, तेव्हा अनेकांच्या चाचण्या ‘३.१ नावाची पायथॉन सापडत नाही’ म्हणत अडल्या त्या याच कारणाने. दुसरी ओळ त्याला साठच्या पटीतली संख्या वाटते, तास-मिनिटांसारखी: २२ गुणिले ६० अधिक २२, म्हणजे १३४२. डॉकर कंपोझच्या कागदपत्रांत पोर्टच्या जोड्या अवतरणचिन्हांत लिहा अशी सूचना आहे ती यासाठीच. तिसऱ्या ओळीत आधी शून्य आहे म्हणून ती आठच्या पायावरची संख्या धरली जाते आणि उत्तर येतं ८.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट नॉर्वेची. देशांच्या दोन अक्षरी कोडांमध्ये नॉर्वेचा कोड ‘एन’ आणि ‘ओ’ ही अक्षरं. देशांची यादी यॅमलमध्ये अवतरणांशिवाय लिहिली की बाकी सगळे देश मजकूर म्हणून येतात आणि नॉर्वेच्या जागी ‘असत्य’ येतं, कारण १.१ च्या नियमांत ती दोन अक्षरं म्हणजे नकार.

या सगळ्यांत कुठेही एररचा संदेश येत नाही, हे लक्षात घ्या. पार्सरच्या मते फाइल निर्दोष आहे.

मोकळ्या जागेने रचना ठरते तिथे आणखी एक खड्डा आहे, आणि मला तो वरच्यांपेक्षा जास्त धोकादायक वाटतो:

सर्व्हर:
  पोर्ट: ८०८०
  लॉग:
    पातळी: ३
    वेळमर्यादा: ३०

वेळमर्यादा सर्व्हरची होती. कुणीतरी वरच्या ओळीखाली ओळ लावताना ती दोन स्पेस आत सरकली आणि लॉगची झाली. फाइल अजूनही शुद्ध यॅमल आहे. प्रोग्रॅमला लॉगच्या विभागात ‘वेळमर्यादा’ नावाचं काही अपेक्षित नसतं, म्हणून तो ती ओळ दुर्लक्षित करतो, आणि सर्व्हरसाठी डिफॉल्ट, म्हणजे काही न सांगितल्यास वापरायचं ठरलेलं, मूल्य घेतो. ३० चे ६० केले तरी काहीच बदलत नाही, मग माणूस नेटवर्क तपासत बसतो. फाइल दोनशे ओळींची असेल तर ते दोन स्पेस डोळ्यांना दिसतच नाहीत.

‘पण हे सगळं २००९ मध्येच दुरुस्त झालं ना?’

नियमपुस्तकात झालं. त्या वर्षी आलेल्या यॅमल १.२ मध्ये साठच्या पटीतल्या संख्या गेल्या आणि नॉर्वेचा प्रश्नही सुटला, कारण हो-नाहीसाठी आता फक्त ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ चालतात. पण फाइल वाचतं ते नियमपुस्तक नव्हे, तर लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जोडलेला तयार कोड. पायथॉनमधली सर्वाधिक वापरली जाणारी पायॅमल लायब्ररी अजून १.१ चेच नियम पाळते. म्हणजे तीच फाइल एका साधनाने एका अर्थाने वाचायची आणि दुसऱ्याने दुसऱ्या अर्थाने, अशी परिस्थिती आज आहे. ३.१० चं ३.१ होणं तर १.२ मध्येही थांबलेलं नाही, कारण तो दशांश अपूर्णांकच आहे.

त्यात नियमपुस्तकाचा आकार. पायथॉनच्या मंडळींनी २०१६ मध्ये पॅकेजच्या कॉन्फिगसाठी फॉरमॅट निवडताना नोंदवलं होतं की यॅमलचे नियम छापले तर ८६ पानं होतात. एवढ्या नियमांमुळे सुरक्षेचेही प्रश्न येतात. जानेवारी २०१३ मध्ये वेबसाइट बांधण्याच्या रेल्स या साधनात अशी त्रुटी सापडली की बाहेरून आलेल्या यॅमलमधून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. पायॅमलमध्येही साधं ‘लोड’ हे फंक्शन अनोळखी फाइलवर वापरणं वर्षानुवर्षं धोक्याचं होतं. कोणत्या पद्धतीने वाचायचं ते स्पष्ट सांगण्याची सक्ती २०२१ च्या ६.० आवृत्तीत आली. बाहेरच्या माणसाने पाठवलेलं यॅमल वाचणार असाल, तर ‘सेफ लोड’शिवाय दुसरं काही वापरू नका.

जेसन: शिस्त कडक, पण मनातलं लिहायला जागा नाही

जेसनचे नियम इतके थोडे की एका पानावर मावतात. मजकूर अवतरणचिन्हांत नसेल तर तक्रार. शेवटच्या मूल्यानंतर स्वल्पविराम राहिला तरी तक्रार. हाताने लिहिणाऱ्याला याचा वैताग येतो, पण माझ्या कसोटीवर हा गुण आहे. स्वल्पविरामाची चूक गप्प बसत नाही. अवतरणचिन्हांत आहे तो मजकूर, नाही तो आकडा किंवा हो-नाही. संशयाला जागा नाही.

तरी त्यालाही दोन गप्प कोपरे आहेत. एकच ‘की’ दोनदा आली तर काय करायचं, हे प्रमाण ठामपणे सांगत नाही. ‘नावं वेगवेगळी असावीत’ एवढंच म्हणतं, आणि बहुतेक पार्सर शेवटचं मूल्य ठेवून पुढे जातात. मोठ्या फाइलीत वर बदल केला आणि खाली जुनी ओळ तशीच राहिली, तर तुमचा बदल निमूटपणे वाया. दुसरा कोपरा मोठ्या संख्यांचा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या वाचली तर शेवटचा अंक ३ चा २ होतो. अंकांच्या लांबलचक ओळखसंख्या अवतरणांत, मजकूर म्हणून ठेवाव्यात त्या यासाठी.

मुख्य उणीव कमेंटची. जेसन घडवणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी २०१२ मध्ये सांगितलं होतं की कमेंट त्यांनी मुद्दाम काढल्या, कारण लोक त्यांत पार्सरसाठी खास सूचना लिहू लागले होते आणि त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता आली नसती. दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्यासाठी हा निर्णय बरोबरच होता. पण कॉन्फिग माणूस माणसासाठीही लिहितो. ‘वेळमर्यादा ३०’ हे फाइलीत दिसतं, ‘पलीकडची सेवा २५ सेकंद घेते, म्हणून ३०, कमी करू नका’ हे कमेंटशिवाय कुठे लिहिणार? ते वाक्य नसेल, तर सहा महिन्यांनी कुणीतरी चांगल्या हेतूने ३० चे १० करतं. ज्या आकड्यामागे कारण आहे, त्याच्या शेजारी ते कारण लिहिता येणं मला फार मोलाचं वाटतं.

कमेंट चालणारे जेसनचे भाऊबंद आहेत. व्हीएस कोड या एडिटरची सेटिंग्ज फाइल कमेंट स्वीकारते, जेसन५ त्याहून बरंच काही स्वीकारतं. अडचण फक्त एवढी की फाइलचं नाव तेच दिसतं आणि नियम वेगळे असतात. तीच फाइल दुसऱ्या साधनाला दिली की ते नाकारतं. निदान नाकारतं तरी, गुपचूप चुकीचं वाचत नाही.

टॉमल: सपाट कॉन्फिगसाठी माझी पहिली पसंती

गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये टॉमल मांडलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. दिसायला आयएनआयसारखं, पण लिखित प्रमाण असलेलं. मजकुराला अवतरणं सक्तीची, कमेंट चालतात, तारीख हा स्वतंत्र प्रकार, आणि एकच ‘की’ दोनदा आली तर फाइल अवैध. यॅमलच्या त्या तीन ओळींचं इथे काय होतं? अवतरणांशिवायची २२:२२ टॉमल १.० मध्ये चालतच नाही. ०१० सुद्धा नाही, कारण पूर्णांकाआधी शून्य लिहायला मनाई आहे. दोन्हींवर पार्सर ओरडतो. ३.१० मात्र इथेही अवतरणांशिवाय लिहिलं तर ३.१ च होतं. या एका बाबतीत टॉमल तुम्हाला वाचवत नाही.

रस्ट भाषेची पॅकेजं सांभाळणाऱ्या कार्गो या साधनाने टॉमल स्वीकारलं. पायथॉनच्या मंडळींनी वर सांगितलेल्या २०१६ च्या निर्णयात तेच निवडलं. जेसन माणसाला गैरसोयीचं, आयएनआयला प्रमाण नाही, यॅमल फार गुंतागुंतीचं, असं त्यांचं म्हणणं होतं. पायथॉन ३.११ पासून टॉमल वाचण्याची सोय भाषेतच आहे.

त्याचाही एक खड्डा आहे. चौकटी कंसातल्या विभागाच्या नावाखाली जे जे येईल ते त्या विभागाचं. फाइलच्या शेवटी घाईने एक ओळ जोडली, तर ती सर्वसाधारण सेटिंग न होता शेवटच्या विभागात जाते, आणि प्रोग्रॅमने दुर्लक्ष केलं की पुन्हा शांतता. शिवाय रचना तीन-चार पातळ्या खोल गेली की टॉमल लिहायला क्लिष्ट होतं. विभागांच्या यादीत याद्या हव्या असतील तर दुहेरी चौकटी कंस मोजत बसावं लागतं, तिथे यॅमल खरोखर सोपं जातं.

‘मग स्कीमा लावा, फॉरमॅट कुठलाही चालेल’

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि बराचसा खरा आहे. स्कीमा म्हणजे कोणती की असावी, तिचा प्रकार काय, मूल्य कोणत्या मर्यादेत असावं, हे लिहून ठेवलेले नियम. जेसन स्कीमा जेसनसाठी बनलं असलं, तरी वाचून झालेला डेटा सारखाच असल्यामुळे यॅमल आणि टॉमललाही लागू करता येतं. नॉर्वेच्या जागी ‘असत्य’ आलं की ‘इथे मजकूर हवा होता’ अशी तक्रार मिळते. एडिटरही लिहितानाच चूक अधोरेखित करतो.

पण एक गोष्ट बऱ्याच टीम विसरतात: अनोळखी ‘की’ नाकारणं. जेसन स्कीमा डिफॉल्टने अनोळखी की चालवून घेतं. डेटा वाचण्यासाठीच्या लायब्ररी, पायथॉनमधलं पायडँटिक आणि रस्टमधलं सर्डे, हेही तसंच करतात. दोन स्पेस आत सरकलेली वेळमर्यादा आणि शेवटच्या विभागात पडलेली ओळ, या दोन्ही चुका फक्त ‘अनोळखी की आली तर थांब’ हा पर्याय चालू केल्यावरच पकडल्या जातात. कुठल्याही फॉरमॅटमध्ये काम करत असाल, तरी आज एकच बदल करायचा असेल तर हा करा.

स्कीमाही सगळं पकडत नाही. ३.१० चं ३.१ झालं आणि स्कीमात ‘आकडा’ असंच लिहिलेलं असेल, तर तो खूष. ३० म्हणजे सेकंद की मिलिसेकंद, हे तर त्याला कळूच शकत नाही. म्हणून एकक नावातच घाला: नुसतं ‘वेळमर्यादा’ नको, ‘वेळमर्यादा_सेकंद’ लिहा. आणि प्रोग्रॅमला फक्त कॉन्फिग तपासून बाहेर पडण्याची सोय द्या. एनजिनएक्स सर्व्हर हेच करतो; चालू सर्व्हरला हात न लावता नवी फाइल तपासून दाखवतो. युनिक्सवर कुणाला कोणते अधिकार आहेत ती फाइल ‘व्हीसुडो’ने उघडतात, कारण ती जतन करण्याआधी तपासली जाते. दोघांचेही फॉरमॅट त्यांचे स्वतःचे आहेत आणि दोघांनाही त्याने काही बिघडलेलं नाही.

कॉन्फिगमध्ये ‘जर-तर’ हवं वाटू लागलं तर

वीस सर्व्हर, प्रत्येकाची फाइल जवळपास सारखी, फरक दोन ओळींचा. मग वाटतं, इथे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याची सोय, असता तर. कुबरनेटीसच्या जगात यावर हेल्म नावाचं साधन आलं, ज्यात यॅमलच्या मजकुरातच टेम्प्लेटच्या खुणा, म्हणजे नंतर भरायच्या रिकाम्या जागा, पेरतात. किती स्पेस आत सरकायचं तेही टेम्प्लेटमध्ये मोजून सांगावं लागतं, आणि वर वर्णन केलेली दोन स्पेसची चूक आता थेट डोळ्यांसमोरही नसते. रचनेचा अर्थ मोकळ्या जागेवर ठरत असताना मजकुराला मजकूर जोडत जाणं, हे मला अजिबात पटत नाही.

इथपर्यंत पोहोचला असाल तर त्यासाठीच बनलेल्या भाषा आहेत: जेसॉनेट, क्यू, डॉल, टेराफॉर्मची एचसीएल, आणि २०२४ मध्ये अ‍ॅपलने खुली केलेली पिकल. किंवा सरळ तुमच्या ओळखीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत डेटा तयार करून त्यातून जेसन बाहेर काढा. लिहिण्याची फाइल वेगळी आणि यंत्राने वाचायची वेगळी, एवढी फारकत केली की निम्मे वाद मिटतात. मात्र तयार झालेली फाइल कुणी हाताने दुरुस्त करायची नाही, हा नियम पाळावा लागतो.

‘आमच्याकडे सगळं आधीच यॅमलमध्ये आहे’

मग फॉरमॅट बदलण्याची घाई करू नका. कुबरनेटीस किंवा गिटहब अ‍ॅक्शन्सला यॅमलच लागतं, तिथे निवड तुमच्या हातात नाही. प्रत्येक मजकूर अवतरणांत लिहा, विशेषतः आवृत्त्या, पोर्टच्या जोड्या, देशांचे कोड आणि शून्याने सुरू होणारं काहीही. यॅमललिंटसारखं साधन प्रत्येक बदलावर आपोआप चालवा. दुबार ‘की’ आणि अवतरणांशिवायचे संशयास्पद शब्द ते दाखवतं. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र यातल्या कुठल्याही फाइलीत नकोत. एकदा गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात गेलेली फाइल पुढच्या बदलात पुसली तरी इतिहासात राहते. तशी किल्ली बाहेर गेलीच असं समजून बदलावी लागते.

आणि स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी फॉरमॅट खरोखर बदलायचा ठरवलात, तर जुनी फाइल लगेच काढू नका. काही आवृत्त्या प्रोग्रॅमला दोन्ही वाचू द्या. जुनी आणि नवी फाइल वाचून झाल्यावर हाती येणारा डेटा जेसनमध्ये छापा आणि दोन्ही प्रती ओळीने ताडून पाहा. जिथे एकीकडे ३.१० आणि दुसरीकडे ३.१ दिसेल, तिथे जुनी फाइल इतके दिवस काय वाचली जात होती तेही कळेल.